परसातील विष आणि नावाचा पहारा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी पत्री निवडण्याचे काम आमच्या घरात वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आले आहे. इंदूरच्या बाजारात पत्रीची जुडी मिळते खरी. परंतु तीत एकवीस प्रकार मोजू गेल्यास गणती दहाबारांच्या पुढे जात नाही. म्हणून उरलेल्यांसाठी आदल्या संध्याकाळी आम्ही पिशवी घेऊन ओळखीपाळखीच्या परसांतून हिंडतो. यंदाही ओला पंचा पसरून आम्ही पाने निवडत बसलो होतो. शेजारी आमची चार वर्षांची नात भातुकली मांडून बसली होती. तिने कण्हेरीची चार पाने उचलली, इवल्याशा पातेल्यात ढवळली आणि "आजोबा, भाजी झाली!" असे म्हणत पहिला घास स्वतःच्याच तोंडाकडे नेला.

आमचा हात पुढे होण्याआधीच आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अगं, ते देवाचं आहे! तोंडात नाही घालायचं!" मुलीने पान निमूटपणे खाली ठेवले. पूजा झाली, आरती झाली, मोदकही झाले. परंतु ते पान काही आमच्या मनातून जाईना.

गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर आहे, धोत्रा आहे आणि रुईही आहे. तिन्ही विषारी. आमच्या आजीला त्या विषांची रासायनिक नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु कोणत्या झाडाशी कसे वागावे, हे तिला पक्के ठाऊक होते. "धोत्र्याला हात लावलास? आधी हात धू." "रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जाईल." "बिट्टीने खेळायचं, ती फोडायची नाही." अशी तिची वाक्ये असत. झाडाचे नाव आणि त्या नावाला चिकटलेली ताकीद अशी जोडीनेच आमच्या कानांवर पडली. आज आमच्यापैकी कितीजणांच्या घरी ती जोडी शिल्लक आहे? वाचकहो, या महिन्यात त्याविषयीच चार शब्द लिहावे म्हणतो.

प्रथम कण्हेरच घेऊ. तांबडी, पांढरी, गुलाबी. पाणी नसले तरी फुलणारी, गुरे तोंड लावत नाहीत म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांतही लावली जाणारी. हिचे पान, फूल, साल, मूळ, चीक, सारेच विषारी. ते विष हृदयावर चालते. हृदयविकारावर डिजिटॅलिस नावाच्या वनस्पतीपासून औषध काढीत, त्याच जातीची द्रव्ये कण्हेरीत आहेत. प्रमाण सुटले की नाडी मंदावते, ठोके चुकू लागतात. पान वाळले म्हणून विष जात नाही आणि वाळक्या फांद्या शेकोटीत घातल्यास धूरही बाधतो. केरळात या फुलाला अरळी म्हणतात. तिकडे एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध अरळीशी असल्याचा संशय व्यक्त झाल्यावर मे २०२४ मध्ये त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात ही फुले वापरू नयेत, असा निर्णय घेतला. पूजेतून फूल गेले नाही, प्रसादातून गेले. आमच्या सौभाग्यवतींचे वाक्य आणि देवस्वम मंडळांचा ठराव यांचा अर्थ एकच आहे.

कण्हेरीची नातलग पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. ही मूळची अमेरिका खंडातली. परंतु आपल्या अंगणांत इतकी रुजली की तिच्या कठीण बियांनी खेळणे हा आमच्या लहानपणचा मोठा उद्योग होता. खेळण्यास हरकत नव्हती. विष आतल्या गरात असते आणि तेही हृदयावरच चालते. श्रीलंकेत या एका झाडाच्या विषबाधेचे हजारो रुग्ण दरवर्षी रुग्णालयांत येत असत, इतके सांगितले म्हणजे पुरे.

धोत्र्याचे चालणे निराळे. तो बुद्धीवर घाला घालतो. तोंडाला कोरड पडते, अंग तापते, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो. नसलेले दोरे हवेतून ओढू लागतो. वाटसरूंना धोत्रा चारून लुबाडणाऱ्यांच्या कथा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अंमलाच्या दप्तरांत नमूद आहेत. परंतु आज भीती ठगांची नसून घाईची आहे. पावसाळ्यात परसात आपोआप उगवलेल्या कोवळ्या पाल्यात धोत्र्याचे रोप मिसळून भाजीत जाते, आणि एकाच पंगतीला बसलेले सारे घर एकाच रात्री भ्रमिष्ट होते. महाशिवरात्रीला वाहिलेली धोत्र्याची काटेरी फळे निर्माल्यात पडून असतात. घरात लहान मूल असल्यास ती त्याच दिवशी उचलून टाकावीत.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती आमच्या चुकीची असल्यामुळे इतकी वर्षे या पानांतून सांगण्याचे टाळले होते.

२००६ साली माळव्यातील एका खेड्यातील सरकारी शाळेचा कारभार नव्याने आमच्याकडे आला होता. शाळेला भिंत नव्हती. गुरे वर्गापर्यंत येत आणि आम्ही लावलेली रोपे फस्त करीत. त्या काळी बियांपासून डिझेल काढण्याच्या कल्पनेने देशभर उचल खाल्ली होती. ज्या झाडापासून ते काढावयाचे त्याचे नाव रतनजोत. वर्तमानपत्रांत त्यावर लेख येत, रेल्वेच्या कडेला त्याची लागवड होई. पडीक जमिनीत येते, पाणी मागत नाही आणि मुख्य म्हणजे गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, हे वाचून आम्हांला फार आनंद झाला. पावसाळ्यात मुलांच्याच हातांनी आम्ही शाळेभोवती रतनजोतीची बागड घातली. बागड म्हणजे इकडच्या भाषेत कुंपण. दोन वर्षांत ती छातीएवढी झाली. गुरे थांबली. गावाने आमचे कौतुक केले. गुरे त्याला तोंड का लावीत नाहीत, हा प्रश्न मात्र एम. ए. झालेल्या या मुख्याध्यापकाला एकदाही सुचला नाही.

२००९ च्या आश्विनात दुपारच्या सुटीनंतर तिसरीतील एक मुलगा पोट धरून ओकू लागला. मग त्याच्या शेजारचा. अर्ध्या तासात चौदा मुले ओसरीवर आडवी झाली. कोणाला ओकाऱ्या, कोणाला जुलाब, कोणाच्या घशाशी आग. आमचा पहिला संशय मध्यान्ह भोजनावर गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आम्ही चार शब्द बोललोही. ते शब्द आजही आम्हांस टोचतात. तेवढ्यात गावातील एक वृद्धा आपल्या नातवाला पाहण्यास धावत आली. तिने मुलाची मूठ उघडली. आत काळ्या टरफलाच्या तीन बिया होत्या. ती म्हणाली, "अरे, ये तो जंगली अरंडी है!"

जंगली अरंडी! तो शब्द ऐकला मात्र, आणि आमच्या डोळ्यांपुढे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे कोकणातील आजोळ उभे राहिले. मे महिन्याच्या सुटीत तेथे कुंपणाच्या झाडाचे पान तोडून, देठाशी जमलेल्या चिकात गवताच्या काडीचे वेटोळे बुडवून आम्ही भावंडे फुगे उडवीत असू. सूर्यप्रकाशात ते इंद्रधनुष्यासारखे चमकत. आणि आई माजघरातून ओरडे, "मोगली एरंड आहे तो! बिया तोंडात घालाल तर जुलाबांनी हैराण व्हाल!" तेच झाड. तीच पाने, तोच चीक. तीन वर्षे रोज डोळ्यांसमोर असून आम्ही ते ओळखले नाही; कारण ते आमच्याकडे दुसऱ्याच नावाने आले होते. रतनजोत! किती गोजिरे नाव! त्यातून किराण्याच्या दुकानात तेला-भाजीला लाल रंग आणण्यासाठी जी मुळी मिळते, तिलाही रतनजोत म्हणतात. ती वनस्पती अगदी वेगळी आहे. मुलांनी ते नाव घरच्या स्वयंपाकात ऐकलेले. बिया चवीला शेंगदाण्यासारख्या. मुलांचा काय दोष?

गावात जुने नाव होते. आमच्या आईजवळही होते. दोन्ही नावांत 'एरंड' हा शब्द पहारेकऱ्यासारखा उभा होता. त्या दोघांनाही बाजूला सारून आम्ही कागदावरचे नवे नाव शाळेत आणले होते.

सुदैवाने प्राथमिक आरोग्य केंद्र चार किलोमीटरांवर होते. ट्रॅक्टरमधून मुलांना नेले. डॉक्टरांनी बिया पाहिल्या, मीठ-साखरेचे पाणी सुरू केले, पाचसहा जणांना सलाईन लावले. मोगली एरंडाच्या बाधेत ओकाऱ्या-जुलाबांनी शरीरातील पाणी जाणे हाच मोठा धोका असतो. तो सावरला तर बहुतेक मुले एकदोन दिवसांत बरी होतात. आमचीही झाली. एक लहानखुरी मुलगी तेवढी मध्यरात्रीपर्यंत डोळे उघडीना. तिचे वडील पायऱ्यांवर आमच्याशेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "माट्साब, ये बागड़ किसने लगवाई थी?" त्या स्वरात राग नव्हता, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. "हमने," इतकेच आम्ही म्हणालो. पहाटे मुलीने पाणी मागितले. सकाळी आम्ही प्रथम त्या स्वयंपाकीणबाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि नंतर कुऱ्हाड मागविली.

असो. त्या दिवसापासून आम्हांस झाडांची नावे विचारण्याचा छंद लागला. वाचकांच्या अंगणात असण्याचा संभव असलेली आणखी काही झाडे येथे सांगतो.

खरा एरंड घ्या. त्याच्या नक्षीदार बिया गोचिडीसारख्या दिसतात. त्याचे शास्त्रीय नाव रिसिनस, म्हणजे लॅटिनमध्ये गोचीडच. त्या बियांत रिसिन नावाचे भयंकर विष आहे. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून याच विषाची सूक्ष्म गोळी पायात मारून करण्यात आला. मग पोट साफ करण्यास आजीने दिलेले एरंडेल कसे चालले? कारण रिसिन तेलात उतरत नाही. ते पेंडीत राहते आणि उष्णतेने नष्टही होते. मोगली एरंडाच्या तेलाला मात्र हा न्याय लागू नाही. त्यातील काही विषारी द्रव्ये तेलातही उतरतात. ते दिव्याला आणि साबणाला, पोटात नाही.

गुंज सर्वांच्या परिचयाची. तांबडी, टोकाशी काळी, डोळ्यांत भरणारी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, या हिशेबाने सोनाराच्या तराजूत तिने पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले. तिच्या आतील विष रिसिनच्याच कुळातले. अखंड बी गिळली गेल्यास कठीण कवचामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. परंतु चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर धोका मोठा. जत्रेतून आणलेल्या गुंजांच्या माळा रांगत्या मुलाच्या गळ्यात घालू नयेत.

कळलावी पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळांसारखी फुलते. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प. हिच्या कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. प्रसूतीच्या कळा लावण्यासाठी पूर्वी तिचा उपयोग करीत, म्हणून मराठीत कळलावी. नावातच सावधगिरीची सूचना आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि फसवणूक तेथेच होते. पटकी झाल्यासारखे जुलाब-ओकाऱ्या होतात, आणि त्यातून वाचलेल्यांचे केस पुढे झडतात. याच कंदातील कोल्चिसिन हे द्रव्य मोजक्या प्रमाणात संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर देतात, हेही लक्षात ठेवावे.

रुई आणि शेर यांचा धोका मुख्यतः डोळ्यांना. शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ ओवून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. तोवर डोळे चोळू नयेत. शेराचे कुंपण छाटताना चीक उडतो. डोळ्यांत गेल्यास पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

आता अंगण नसलेल्यांची पाळी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे कोठली कळलावी! परंतु दिवाणखान्यातील कुंडीत पांढऱ्या ठिपक्यांची मोठमोठी पाने असलेले डिफेनबाखिया बहुधा असतेच, आणि काचेच्या बाटलीत मनीप्लांटही. ही दोन्ही अळूच्या कुळातली. अळू नीट शिजला नाही तर घसा का खवखवतो, आपल्या स्त्रियांनी अळूच्या फदफद्यात चिंच आणि कोकणात आमसूल का घातले, हे आठवा. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात. चावताच त्या जिभेत-घशात रुततात. डिफेनबाखियाचे पान चावलेल्या मुलाची जीभ इतकी सुजते की शब्द फुटत नाही. म्हणून इंग्रजांनी त्याला मुक्याची काठी अशा अर्थाचे नाव दिले. जिवावरचा प्रसंग क्वचित. तरी श्वासाला अडथळा वाटल्यास क्षणाचाही विलंब नको. ज्या गृहिणीला अळू ठाऊक आहे तिला हे झाड नवे नाही, केवळ त्याचे मराठी नाव कोणी तिला सांगितलेले नाही.

स्वयंपाकघरातीलही एक गोष्ट जाता जाता सांगून टाकतो. दुधी भोपळा कडू निघाला तर टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने हेच सांगितले. फोडीचा तुकडा आधी जिभेला लावून पाहण्याची आपल्या घरांतील रीत त्याहून जुनी आहे.

हे सारे वाचून कोणी कुऱ्हाड हाती घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. शाळेची बागड आम्ही तोडली, कारण तेथे दोनशे मुले होती आणि प्रत्येकावर लक्ष ठेवणे अशक्य होते. घरची गोष्ट वेगळी. धोत्र्यासारख्या वनस्पतींतून मिळणारे ॲट्रोपिन हे कीटकनाशकांची बाधा झालेल्या शेतकऱ्याचे प्राण वाचवते. शिवाय भीतीही विनाकारण नसावी. नाताळात लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाची उगाच फार बदनामी झाली आहे. त्याने पोट बिघडेल, त्वचा चुरचुरेल, याहून फारसे काही होत नाही.

तरीही प्रसंग ओढवलाच तर काय करावे? मुलाच्या तोंडातील उरलेले तुकडे बोटाने काढावेत, चूळ भरवावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. ओकलेले श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि मिठाचाही अपाय होतो. दूध, ताक, तूप यांचे घरगुती प्रयोग करू नयेत. मूल हसत-खेळत असले तरी कण्हेर, बिट्टी, गुंज, एरंड, कळलावी किंवा धोत्रा पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जाताना त्या झाडाची डहाळी, फळ किंवा बी सोबत घ्यावी आणि खाल्ल्याची वेळ सांगावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे; त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८०० ११६ ११७. हा क्रमांक दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहून ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

आणि याच्याही आधी करावयाची गोष्ट म्हणजे आपल्या अंगणातील, गच्चीवरील, कुंडीतील प्रत्येक झाडाचे नाव मुलांना सांगावे. महाराष्ट्राबाहेर पाच-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून सण राहिले, पदार्थ राहिले, आरत्याही राहिल्या. परंतु झाडापेडांची नावे हळूहळू गळून गेली. मुलांना शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू नाव कळते, रोपवाटिकेत इंग्रजी कळते, आणि आजीचे नाव आजीबरोबर जाते. सगळी नावे सांगा. जेथे राहतो तेथल्या भाषेतील नाव तर अवश्य सांगा, कारण संकटात मदतीला शेजारीच धावून येतो आणि त्याला मोगली एरंड कळणार नाही, जंगली अरंडी कळेल.

हल्ली आमच्या शाळेत प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आहे. वर हिंदी नाव, खाली माळवी, आणि विषारी असेल तर लाल ठिपका. पाट्या मुलांनीच रंगविल्या आहेत. घरी मात्र पाटीची सोय नाही. म्हणून अनंतचतुर्दशी झाल्यावर एका सकाळी आम्ही नातीचे बोट धरून कुंपणापाशी गेलो आणि म्हणालो, "ही कण्हेर. देवाला वाहायची, आपण खायची नाही. हिच्या पोटात विष असतं."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग देवाला कसं चालतं?"

आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. परंतु या प्रश्नाचे उत्तर अद्याप आमच्याकडे नाही. नाव मात्र तिच्या ध्यानात राहिले आहे. परवा शेजारच्या मुलाला ती बजावीत होती, "ए, ती कण्हेर आहे. तोंडात नाही घालायची हं!"